थंडी उंचीची की पंचांगाची?

माझ्या काकांनी पाच वर्षं वाइनची द्राक्षं पिकवली आणि वाइनचा एक थेंबही कधी जिभेला लावला नाही. काका म्हणजे मावशीचे यजमान. गाव दिंडोरी तालुक्यात. माळकरी माणूस, आषाढीला पायी जाणारा. २००५ साली त्यांनी दीड एकरात शिराझ लावली आणि २०१०च्या मे महिन्यात ती जेसीबीनं काढली. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, सुट्टीत मावशीकडे गेलो होतो. जेसीबी बघायला मिळतोय याचाच आनंद झाला होता. मावशी त्या दिवशी बाहेर आली नाही, हे पुष्कळ वर्षांनी आठवलं.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. फ्लॅटमधले आम्ही चौघं महिन्यातून एकदा वाइन चाखतो, मोबाइलवरच्या ॲपमध्ये तारे देतो, खाली दोन ओळी लिहितो. मागच्या हिवाळ्यात मी एका बाटलीला चार तारे दिले आणि खाली ‘थंड, उंच प्रदेशातली शिराझ, उत्तम’ असं लिहिलं. हे दुकानाच्या फळीवरचं वाक्य होतं, माझं नव्हतं. लेबलवर ‘दिंडोरी’ होतं. दिंडोरीत मी उभ्या उन्हाळ्यात राहिलोय. तिथला एप्रिल थंड असतो असं माझ्यासमोर कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो. मग हे मी लिहिलं कसं? त्या एका वाक्याच्या मागे लागून जे वाचलं, विचारलं, ते इथे मांडतोय.

आधी थोडं घरचं. मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचा. वाशी बालाघाटाच्या पठारावर आहे. आमच्याकडे चाखून गुण देण्याची जुनी पद्धत आहे, फक्त ती खव्याची. सोलापूर-धुळे रस्त्यावर आमच्याच तालुक्यात सरमकुंडी फाटा आहे. तिथून गेलात तर खव्याच्या आणि पेढ्याच्या पाट्या दिसल्याशिवाय राहणार नाहीत. खवा घेणारा माणूस चिमूटभर खवा तळहातावर घेतो, अंगठ्यानं चोळतो. तूप किती सुटतं, कण कसा आहे, धुराचा किंवा करपल्याचा वास आहे का, हे बघतो. मग जिभेवर. मग भाव सांगतो. भाव हाच त्याचा गुण. ‘ओक लाकडाची हलकी छटा’ वगैरे कुणी बोलत नाही. पण करपलेला खवा त्याच्यासमोर चांगला म्हणून खपवून दाखवा!

वाइनच्या जगातली सगळ्यात गाजलेली क्रमवारी मुळात अशीच झालेली आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या वाइनची प्रतवारी लावली. त्यांनी ती चाखून नाही लावली, बाजारात कुणाला किती भाव मिळत आलाय ते बघून लावली. ती यादी किरकोळ बदल वगळता आजही चालते. म्हणजे अख्खं जग ज्या यादीपुढे मान तुकवतं तिची पद्धत आमच्या सरमकुंडी फाट्याची आहे.

आता त्या ‘थंड, उंच’कडे येऊ.

द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आंबटपणा कमी होतो. रात्र जितकी गरम तितका आंबटपणा लवकर जातो, कारण वेल रात्रीही श्वास घेते आणि त्यात फळातलं मॅलिक ॲसिड खर्ची पडतं. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला तर साखर चढते, आंबटही टिकतं. म्हणून गरम देशातल्या लोकांनी डोंगर चढायला सुरुवात केली. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, हे आपण भूगोलात शिकलोय. अर्जेंटिनात मेंडोझाजवळच्या उको खोऱ्यात हजार मीटरच्या वर मोठमोठ्या बागा आहेत. त्याच देशाच्या उत्तरेला कोलोमेची एक बाग ३,१११ मीटरवर आहे. चीनच्या युनानमध्ये तिबेटच्या सीमेकडे २,२०० मीटरच्या वर वाइनची द्राक्षं होतात. आपल्याकडेही हा प्रयोग झालाय. १९व्या शतकात काश्मीरच्या महाराजा रणबीर सिंहांनी दल सरोवराकाठी फ्रान्सहून वेली आणून बाग लावली होती. तिथे खरोखर वाइन निघत होती. मुळं खाणारी फायलोक्सेरा ही कीड तिथेही पोचली.

आणि नाशिक? सहाशे मीटरच्या आसपास. गणित करा. सहाशे मीटरला जेमतेम चार अंश मिळतात. विषुववृत्तापासून अवघ्या वीस अक्षांशांवर चार अंशांनी काय होतंय? धाराशिव शहरही साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, आणि आमच्या जिल्ह्याला थंड प्रदेश म्हणणारा माणूस अजून भेटायचाय. बंगळूरजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर यांच्या बागा आहेत. त्या आणखी उंच, नऊशे मीटरच्या घरात. अर्जेंटिनाचा माणूस त्यालाही तळमजलाच म्हणेल.

तरीही दिंडोरीची शिराझ थंड प्रदेशासारखी लागते, निदान चांगल्या वर्षी. माझी जीभ खोटं बोलत नव्हती. शिराझमध्ये जो काळ्या मिरीचा वास येतो तो रोटुंडोन नावाच्या रेणूमुळे येतो. हाच रेणू खऱ्या काळ्या मिरीतही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली तो शिराझमध्ये ओळखला. पिकताना हवा गार असली की तो जास्त टिकतो. म्हणजे मिरीचा वास आला की समजायचं, फळ थंडीत पिकलंय. मग ही थंडी आली कुठून?

उत्तर काकांच्या घरातच होतं, भिंतीवर लटकलेलं. कॅलेंडर.

इब्न बतूता १४व्या शतकात दौलताबादला आला होता. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात याचं त्याला नवल वाटलं, ते त्यानं नोंदवून ठेवलंय. युरोपातली वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते आणि वसंतात उठते. तिला वर्षातून एकच पीक माहीत. दख्खनमध्ये वेलीला झोपच लागत नाही. इतकी थंडी इथे पडत नाही. म्हणून ती थांबत नाही, आपणच तिला थांबवायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची. उन्हाळ्यात काडी तयार होते आणि त्या काडीत फळाचे डोळे धरतात. पावसाळा निघून गेला की साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फळासाठी. छाटल्यावर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण काडीला लावतात, त्याला बागायतदार नुसतं ‘पेस्ट लावणं’ म्हणतात. हिवाळ्याच्या झोपेनंतर वेल जशी एकदम उठते तसं तिला उठवायचं काम हे रसायन करतं. ‘थंडी बाटलीत मिळते,’ असं काका लहानपणी सांगायचे. मला तो विनोद वाटायचा.

थोडक्यात, युरोपातला शेतकरी एप्रिलमध्ये फुटवा बघतो आणि सप्टेंबरमध्ये तोडणी करतो. आपल्याकडे ते चक्र उलटं फिरवून घड पिकण्याचे दिवस नेमके डिसेंबर ते फेब्रुवारीत आणलेत. तेव्हा नाशिक पट्ट्यात दिवसा ऊन लख्ख आणि रात्री कडाक्याच्या. निफाडचं किमान तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत असतं. काही वर्षी ते पाच अंशांच्याही खाली उतरलंय. खायच्या द्राक्षांचे बागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. वाइनवाल्याला तीच रात्र हवी असते. एकाच शिवारात, बांधाला बांध लागून, एक जण थंडी हाकलतोय आणि दुसरा तिची वाट बघतोय!

म्हणजे इतरांनी डोंगर चढून जी थंडी मिळवली ती आपल्या लोकांनी तारखा सरकवून मिळवली. नाशिकला ‘उंचीवरचा प्रदेश’ म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे. उंचीनं चार अंश दिले, बाकीचं कात्रीनं कमावलं. आणि ही कात्री वाइन कंपन्यांच्या कितीतरी आधीपासून खायच्या द्राक्षांच्या शेतकऱ्यांच्या हातात होती. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी आपल्या बागेत वेगळ्या दिसलेल्या वेलीतून ‘सोनाका’ वाण काढला. सोलापूर, नान्नज, काळे यांची अक्षरं जोडून ते नाव झालं. अशा लोकांनी दोन छाटण्यांचं शास्त्र पक्कं केलं नसतं तर इथे शिराझ लावायची हिंमत कुणी केली असती असं मला वाटत नाही. पण वाइनच्या लेबलवर उंची असते, माती असते, कधी सूर्यही असतो. छाटणी मी अजून कुठल्याच लेबलवर वाचलेली नाही.

लेबलवरची नावं कोणाची, तेही सांगतो. १९८०च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावजवळ इंडेज उभी केली. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिकची तांत्रिक मदत घेऊन त्यांनी फसफसणारी वाइन काढली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशात विकली. जुन्नर तालुक्यातल्या बाटलीवर फारसी कवीचं नाव आणि गिऱ्हाईक युरोपातलं! मग राजीव सामंत. स्टॅनफर्डला शिकून, अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी १९९७मध्ये सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली. कॅलिफोर्नियातले केरी डॅम्स्की सल्ल्याला होते. सुलाची पहिली वाइन २००० साली आली. २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी करात सूट दिली, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क काढले. पुढे आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजसारख्या तापलेल्या भागात, मोहिते-पाटील बंधूंनी इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्ली सुरू केली आणि टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला येऊ लागले. अकलूजला जमतंय म्हटल्यावर उंचीचा मुद्दा आणखीच पातळ होतो.

(हे सगळं ज्या कायद्याखाली चालतं त्याचं मूळ नाव मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. महाराष्ट्रात प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. आम्ही चौघांनी तो रीतसर काढलाय. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचं त्या कागदाला गृहीत धरावं लागतं.)

२००१च्या धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात डझनांनी वायनरी उभ्या राहिल्या. कंपन्यांची माणसं गावोगाव करार घेऊन फिरत होती. खायच्या द्राक्षाला थिनिंग, डिपिंग, मण्याचा आकार, पेटीतला रंग, व्यापारी पळून जाण्याची भीती. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नको. ठरलेला भाव, दारातून माल उचलणार. काकांना हे पटलं. मालापासून दारू होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दिंडीतल्या एका वयस्कर वारकऱ्याला विचारलं, तेव्हा ‘उसाची काय फक्त साखरच होते काय?’ एवढंच उत्तर मिळालं. मग लावली.

२००८मध्ये जगभर मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइन तर मुख्यतः हॉटेलांत खपत होती. टाक्या भरलेल्या राहिल्या. इंडेजसारखी मोठी कंपनी कर्जात बुडाली. काकांचा करार वेगळ्याच, लहान कंपनीशी होता. तिनं एका वर्षीचे पैसे दोन हप्त्यांत दिले, पुढच्या वर्षी अर्धेच दिले आणि २०१०च्या हंगामात गाडी आलीच नाही. खायचं द्राक्ष निदान रस्त्याला पाट्या लावून विकता येतं. शिराझचा मणी वाटाण्याएवढा, सालीला जाड, बियांनी भरलेला. तो कोण खाणार? नाशिक भागात तेव्हा अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या. काकांची त्यातलीच एक. तिथे टोमॅटो आले, ते आजही आहेत.

त्या साली मी सातवीत होतो. बाटलीवर तारे द्यायला लागल्यावर मला प्रश्न पडला की मी नेमकं काय मोजतोय.

गुण देण्याचा इतिहास पाहिला तर तो फार जुना नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात मेनार्ड अमरीन आणि सहकाऱ्यांनी १९५९मध्ये वीस गुणांचा तक्ता केला. तो मुख्यतः दोष पकडायला होता: गढूळ आहे का, व्हिनेगरचा वास आहे का, आंबटपणा जास्त-कमी आहे का. आमच्या धंद्यात कोड तपासणारं टूल असतं, तसं. करपलेला खवा बाजूला काढण्याची ही प्रयोगशाळेतली आवृत्ती. मला हा तक्ता आवडतो. त्यात ऐट नाही. १९७६मध्ये पॅरिसला स्टीव्हन स्परियरनं नावं झाकून चाखणी घेतली आणि फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिलं ठरवलं. तेव्हा कळलं की लेबल झाकलं की निकाल बदलतो. १९७८पासून रॉबर्ट पार्करनं शंभराची पद्धत रूढ केली. तिची सुरुवात पन्नासपासून होते, म्हणजे हजेरीचेच पन्नास! नव्वदच्या वर असेल तर दुकानात उचलली जाते, अठ्ठ्याऐंशीला पडून राहते. आमच्या दहावीच्या निकालाची आठवण होते.

आणि हे गुण किती पक्के? रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक स्वतः छोटी वायनरी चालवायचे. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यात परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीन-तीनदा दिली. २००८मध्ये निष्कर्ष छापले: तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देऊ शकणारे परीक्षक सुमारे दहा टक्के. बोर्दोच्या ब्रोशे आणि सहकाऱ्यांचा २००१चा प्रयोग तर प्रसिद्धच आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं.

आम्हीही फ्लॅटवर करून पाहिलं. पाच बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, त्यातल्या दोन एकच. मी त्या एकाच वाइनला एकदा साडेतीन आणि एकदा अडीच तारे दिले. एकदा पास, एकदा फेल होणाऱ्या टेस्टला आमच्या ऑफिसात कुणी किंमत देत नाही.

पण तक्त्यात एक गोष्ट तिघांनी सारखी पकडली होती. एका शिराझमध्ये मिरी होती, दुसऱ्यात नव्हती. तारे भरकटले, पण मिरी दोन्ही फेऱ्यांत जागेवर राहिली. तेव्हापासून मी तारे देणं सोडलंय. आंबट टिकलंय का, तुरटपणा कच्च्या करवंदाचा आहे की पिकल्या जांभळाचा, मिरी आहे का, एवढंच लिहितो. ब्लॅककरंट मी आयुष्यात खाल्लेलं नाही, ते लिहिणंही सोडलं.

या मार्चमध्ये दिंडोरीला गेलो तेव्हा ती चार ताऱ्यांची बाटली, तिथलीच पुढच्या सालची, बरोबर घेतली होती. घरात काढायची की नाही, ठरत नव्हतं. शेवटी ओट्यावर बसलो असताना काकांना सांगितलं की, तुमच्या तालुक्याची आहे, शिराझच. त्यांनी बाटली हातात घेऊन लेबल वाचलं, फिरवून मागचंही वाचलं.

“कितीची?”

मी सांगितलं. बाटलीला साधारण किलोभर द्राक्ष लागतं हे त्यांना माहीत होतं. ते काही बोलले नाहीत.

“पिणार नाही. पण वास घ्यायला माळ आडवी येत नाही,” म्हणाले. मावशीनं स्टीलचा पेला आणून दिला. काकांनी पेला नाकाशी धरला, ठेवला, पुन्हा धरला. मी मिरीची वाट बघत होतो.

“बेदाण्याचा वास येतोय,” ते म्हणाले. “उशिरा तोडलेलं दिसतंय. फेब्रुवारी सरता सरता.”

मी घोट घेतला. गोडसर, जाड, पिकलेलं. मिरी नव्हती. मी ॲपमध्ये याला ‘भरदार’ म्हटलं असतं.

“आंबट कमी पडलंय का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग त्या आठवड्यात रात्री गरम झाल्या असतील. अलीकडं होतात. आमच्या वेळी एवढ्या लवकर होत नव्हत्या.” त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. “छाटणी आठ-दहा दिवस आधी घ्यायला पाहिजे होती. पण मग पाऊस गाठतो.”

मावशीनं चहा आणला. बाटलीला बूच लावून मी ती बॅगेत ठेवली, आणि मग टोमॅटोच्या भावाचा विषय निघाला.